अप्पांसमोर चष्मा

कारखान्यातल्या माझ्या टेबलावर ‘लेझर सुरक्षा अधिकारी’ अशी पाटी होती. मशिनबरोबर परदेशातून एक जाडजूड पुस्तक आलं होतं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं, की असा अधिकारी नेमल्याशिवाय हे मशीन सुरू करू नये. मालक पुस्तकाच्या शब्दाला जागले. त्यांनी अधिकारी नेमला. त्या अधिकाऱ्याला काही अधिकार असावेत, हे दुसऱ्या प्रकरणात होतं आणि तिथवर कुणी वाचत गेलं नाही.

मालकांना सगळे अप्पा म्हणत. हुमनाबादेत त्यांच्या घराची तूरडाळीची गिरणी होती, वडिलांपासूनची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी गावाबाहेरच्या माळावर सरकारनं कारखान्यांसाठी जागा आखून दिल्या, तेव्हा अप्पांना डाळीचा कंटाळा आला. बेंगळूरच्या एका घड्याळ कंपनीला मनगटी घड्याळात बसवायचे लाल खडे हवे होते. खडा मोहरीएवढा, त्याच्या बरोबर मध्यावर चाकाचा आस बसायला केसाएवढं भोक. हे भोक लेझरनं पडतं असं अप्पांनी कुठंतरी ऐकलं आणि परदेशातलं एक जुनं मशीन उचललं. डाळ भरडणाऱ्या माणसानं खड्याला भोक पाडायला घेतलं, यात आमच्याकडं कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोन्हीत दाणा लहानच.

मी बसवकल्याणच्या शाळेत सायन्सची बाई होते. आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. पुढं गुलबर्ग्याला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि शिकवायला लागले, तोवर मराठीचे वर्ग एकेक करून आटत चालले होते. त्यातच यजमानांची बदली हुमनाबादला झाली. अप्पांच्या कानावर गेलं, की एक फिजिक्सवाली बाई गावात रिकामी आहे. निरोप आला. मी गेले.

“बाई, हे पुस्तक इंग्रजीत हाय. तुम्ही वाचाल का?”

“वाचेन. पण मी लेझर कधी डोळ्यांनी बघितलेलं नाही.”

“मी तरी कुठं बघितलंय? तुमचं काम एकदम हलकं. काय होऊ नये, एवढंच बघायचं.”

काही होऊ नये एवढंच बघायचं, या कामाइतकं जड काम मी पुढं कधी केलं नाही.

पुस्तक मी आठ दिवसांत दोनदा वाचलं. त्याचा सारांश असा, की या मशिनमधून निघणारा प्रकाश दिसत नाही. शाळेत मी मुलांना शिकवत आले, की प्रकाश म्हणजे ज्यानं दिसतं ते. इथं उलटाच कारभार. मशीन दगडाला भोक पाडतं, ठिणगी उडते, ती दिसते; पण पाडणारा किरण दिसत नाही. तो एखाद्या चकचकीत चिमट्यावर, पकडीच्या कडेवर आपटून उलटा फिरला आणि डोळ्यात गेला, तर डोळ्याचं भिंग त्याला गोळा करून आतल्या पडद्यावर एका टिंबावर नेऊन ठेवतं. तिथं तो पडदा भाजतो. दुखत नाही. आग होत नाही. पाणी येत नाही. तेवढ्या टिंबातून मात्र परत कधी दिसत नाही.

म्हणून चष्मा. हिरवट काचेचा, दोन्ही बाजूंनी झाकलेला, मशिनबरोबर पाच आले होते. मशिनला वरून एक झाकणही होतं, ते वाटेत कुठंतरी फुटलं. नवं मागवलं होतं. ते येईल तेव्हा येईल. मी इथल्या पत्रेवाल्याकडून एक झाकण करून घेतलं. अप्पांनी बघितलं आणि म्हणाले, “सगळं झाकून टाकल्यावर पाव्हण्यांना दाखवायचं काय, बाई?” पत्र्याचं झाकण खिळ्यांच्या पेटीवर गेलं. चांगलं बसलं तिथं.

मशीन चालवायला तिघं होते. त्यांतला खरा हात एकाचा. तो जवळच्याच निर्णा गावचा. त्याला सगळे निर्ण्याचा म्हणूनच हाक मारत. आधी तो भांड्यांच्या दुकानापुढं बसून तांब्यापातेल्यांवर नावं कोरायचा. पस्तिशीचा असेल. मोहरीएवढा खडा चिमट्यात धरून पकडीत बरोबर मध्यावर बसवायचा, सूक्ष्मदर्शकातून बघायचा, मान बाजूला घ्यायची, पायाखालचं पेडल दाबायचं. टक् असा बारीक आवाज. झालं भोक. बाकीच्या दोघांचे दहातले तीन खडे वाया जात. याचा क्वचित एखादा. अप्पा म्हणायचे, कारखाना माझ्या मशिनवर चालतो. तो चालत होता या माणसाच्या दोन डोळ्यांवर. ते डोळे सांभाळायची जबाबदारी माझ्या पाटीवर लिहिलेली होती.

पहिल्या महिन्यात मी अंगठ्या काढायला लावल्या. चकचकीत धातू हातात नको, असं पुस्तकात होतं. एकाच्या बोटात शनीची लोखंडी अंगठी होती. तो म्हणाला, शनीला विचारल्याशिवाय काढता येणार नाही. मी म्हटलं, विचारून ये. तो खरंच कुणाला तरी विचारून आला. अंगठी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली तर शनी समजून घेतो म्हणे. शनी अप्पांपेक्षा समजूतदार निघाला, हे मला पुढं कळलं.

चष्म्याचं मात्र काही केल्या जमेना.

म्हणजे असं. मी खोलीबाहेरच्या बारीक खिडकीतून बघावं, तर तिघांचे चष्मे डोळ्यांवर. खिडकीला तसलीच हिरवी काच होती. पुन्हा तासाभरानं बघावं, डोळ्यांवर. दुपारी अप्पांची फेरी झाली की जाऊन बघावं, तर एकाचा खिशात, एकाचा कपाळावर, एकाचा टेबलावर. मी आपली मास्तरीण. मला वाटलं, कंटाळतात. कान दुखत असतील. घाम येत असेल, उन्हाळा आहे. चष्म्याच्या दांड्यांना कापूस गुंडाळून दिला. पंखा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी परत तेच. सकाळी चष्मे, अप्पा येऊन गेले की नाहीत.

मी चार भाषांत फलक लावला. कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी. ‘चष्म्याशिवाय आत येऊ नये.’ आमच्याकडं फलक म्हटलं की पहिला प्रश्न, कुठली भाषा वर. दोन दिवस कारखान्यात त्यावरच चर्चा. चष्म्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

“कामून काढतोस रं चष्मा?” एकदा मी निर्ण्याच्याला सरळ विचारलं.

“काढत न्हाई की अक्का.”

“आत्ता खिशात काय आहे?”

“ते आत्ता.”

“आत्ता म्हणजे कधी?”

त्यानं चिमटा उचलला. मान खाली. हा माणूस दिवसभर कामाशिवाय तोंड उघडायचा नाही. त्याच्याकडून उत्तर काढणं म्हणजे खड्याला हातानं भोक पाडणं.

उत्तर मला माझ्याच हातानं दिलं. एका दुपारी मी आत होते, चष्मा घालून, पकडीची कडा काळी करून घेत होते, म्हणजे किरण परतू नये. दार उघडलं. अप्पा आणि त्यांच्या मागून माझे चुलतसासरे. ते अप्पांच्या ओळखीचे, डाळीच्या कामानं आले होते, सूनबाई काय काम करते बघू म्हणून आत डोकावले. मी उठून उभी राहिले. एका हातानं पदर सावरला आणि दुसऱ्या हातानं चष्मा काढला.

काढल्यावर मला कळलं, की मी काढला.

कुणी सांगितलं नव्हतं. चुलतसासऱ्यांसमोर हिरव्या काचा लावून उभं राहायचं, हे हाताला पटलं नाही आणि हातानं मला न विचारता ठरवलं. मान वळवून बघितलं, तर तिघांचेही चष्मे उतरलेले. तिघंही उभे. आणि अप्पा हसत सांगत होते, “अरे, चालू ठेवा, चालू ठेवा. काकांना जरा ठिणगी दाखवा.”

आता सगळं लख्ख झालं. आमच्या बाजूला गॉगल घालतो तो सिनेमातला नट, नाहीतर वाया गेलेला पोरगा. मोठ्या माणसानं समोर यावं आणि आपण डोळे झाकून बघावं, म्हणजे उर्मटपणाची हद्द. निर्ण्याच्याचा बाप अप्पांच्या गिरणीत पोती उचलायचा आणि गिरणीच्या ओट्यावर कधी पायात चप्पल ठेवून चढला नाही. त्याचा मुलगा अप्पांसमोर गॉगल लावून खुर्चीवर बसून राहणार? मशीन काहीही करो. म्हणजे हे लोक कामचुकार नव्हतेच. कुणी बघत नसताना ते चष्मा अगदी नेमानं घालत. मालक आले की तेवढ्यापुरता काढत. आणि मालक आले की हटकून ठिणगी बघायला मागत.

थोडक्यात, आमच्या कारखान्यात सगळ्यांत धोक्याची वस्तू लेझर नव्हती. अप्पा होते.

हे त्यांना सांगायचं कसं? मी सांगितलं. मला आडवळणानं बोलता येत नाही.

“अप्पा, तुम्ही आत गेलात की पोरं चष्मा काढतात.”

त्यांना राग यायला हवा होता. त्यांचा चेहरा खुलला. “व्हय? माझ्यासमोर काढतात?”

“मानानं काढतात. पण किरणाला मानपान कळत नाही.”

“संस्कार हायेत बाई आपल्या पोरांत,” अप्पा म्हणाले. “बेंगळूरच्या कारखान्यात जाऊन बघा. साहेब आला तरी बिडी विझवत न्हाईत.”

शेवटी मी त्यांना एवढं कबूल करायला लावलं, की ते स्वतः सगळ्यांना बजावतील. सोमवारी सकाळी मशीनच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. अप्पा बोलायला उभे राहिले. आणि मालक बोलतायत म्हणून तिघांनीही चष्मे काढून हातात धरले. अप्पा दहा मिनिटं बोलले. डोळे म्हणजे देवाची देणगी, चष्मा घातलाच पाहिजे, जो घालणार नाही त्याची गय होणार नाही. तिघांनीही उघड्या डोळ्यांनी, हात जोडून, मान डोलावून ऐकलं. मी मागं उभी होते. मला हसू आलं आणि लगेच हसण्याची लाजही वाटली, कारण चष्मा माझ्याही हातात होता.

मग मी माणसांचा नाद सोडला आणि तारेकडं वळले.

पुस्तकात होतं, की खोलीचं दार उघडलं की मशीन आपोआप बंद पडेल असं बटण दाराच्या चौकटीत बसवावं. दार बंद असेल तरच किरण सुटेल. दारावर लाल दिवा. तो लागला असेल तर मशीन चालू, दार उघडलं की दिवा विझतो आणि मशीनही. आमचा इलेक्ट्रिशियन हुमनाबादचाच, दखनी बोलणारा, हाताचा फार चांगला. त्यानं दोन दिवसांत बसवलं. “देखो अक्का,” तो म्हणाला, “अब कोई भी आने दो, दरवाज़ा खुला तो मशीन चुप.”

मला फार बरं वाटलं. आता चष्मा काढा, पागोटं काढा, लोटांगण घाला. मालक दारात आले की मशीन आधी मान तुकवणार, मग माणसं.

तीन-चार आठवडे सुखाचे गेले. मग अप्पांनी मला बोलावलं.

“बाई, तुमची पोरं लई आळशी झाल्यात.”

“का?”

“मी कधीबी आत जावं, मशीन बंद. एकदाबी चालू दिसलं न्हाई. मी बाहेर असल्यावर काय करायलेत हे?”

मी त्यांना बटण दाखवलं. दार उघडून, मिटून, उघडून दाखवलं. दिवा विझतो, लागतो, विझतो. सातवीच्या मुलाला कळेल असं समजावलं.

“म्हणजे मी माझं मशीन चालताना कधीच बघायचं न्हाई?”

“खिडकीतून बघा. हिरवी काच आहे.”

“चोरासारखं?” अप्पा म्हणाले. “माझ्या कारखान्यात मी खिडकीतून बघू?”

यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण ते द्यायचं झालं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसावं लागलं असतं. मी दार मिटून टेबलाशी परत आले. आज लिहिताना एवढंच म्हणते, की तेव्हा घरी बसायची वेळ आली असती तरी चाललं असतं.

दिवाळीला महिना-सव्वा महिना असताना बेंगळूरच्या कंपनीचे चार साहेब पाहणीला येणार असं ठरलं. अप्पांनी कारखाना चुना मारून घेतला. निर्ण्याच्याला नवा शर्ट दिला. मला सांगितलं, पाहुण्यांना काही होता कामा नये, तुम्ही स्वतः लक्ष द्या. मी पाचही चष्मे साबणानं धुतले, मऊ फडक्यानं पुसले. चार साहेबांना चार, आणि पाचवा निर्ण्याच्याला. बाकीच्या दोघांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत कामाला लावलं. अप्पांना म्हटलं, तुम्ही दाराशी थांबा. ते हसले. माझा तरी भरवसा त्या बटणावर होता. दार उघडेल, मशीन बंद पडेल, चष्मे लावलेले साहेब आत गेले की दार मिटेल, ते ठिणगी बघतील, चहा पितील आणि जातील.

साहेब आले. मी दारात उभी राहून एकेकाला चष्मा देत होते. त्यातले एक फार उंच, त्यांना दांड्या पुरेनात. दुसऱ्यांना आपल्या चष्म्यावर हा कसा बसवायचा ते कळेना. मी त्यांच्या कानामागं हात घालून बसवून देत होते आणि अप्पा आत शिरलेसुद्धा. दार सताड उघडं. आणि दारावरचा लाल दिवा लागलेलाच.

दिवा मला दिसला आणि दिवा मला कळला, यात दोन चष्मे वाटण्याइतका वेळ गेला. तेवढा पुरला. मी आत वळले तर निर्ण्याचा खुर्चीवर बसलेला, नव्या शर्टाच्या खिशात हिरवा चष्मा नीट घडी करून ठेवलेला, आणि पायाखाली पेडल. टक्. टक्. साहेब वा वा करत होते. चौघांचे डोळे झाकलेले. ज्याच्यापासून वीतभरावर ठिणगी उडत होती, त्याचे उघडे.

“बंद कर!” मी ओरडले. शाळेत सुद्धा मी कधी इतक्यानं ओरडले नव्हते.

मशीन थांबलं. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी पंगतीत ताट उलथवलं होतं. साहेबांना वाटलं, हा दाखवण्याचाच भाग असेल. त्यांच्यातल्या एकानं तर टाळी वाजवली.

इलेक्ट्रिशियनला मी मागच्या बाजूला गाठलं. बटणाच्या दोन तारा त्यानं आदल्या संध्याकाळी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. दार उघडं की मिटलेलं, हे मशीनला कळायचं कामच नाही.

“क्या करना अक्का,” तो म्हणाला, “अप्पा बोले, एक दिन के वास्ते निकाल दे बोलको. मैं ना कैसे बोलूं?”

“मला सांगायचं होतंस.”

“बोले, बाई को नक्को बोल.”

साहेबांनी काम पसंत केलं. अप्पांनी कारखान्यात पेढे वाटले. निर्ण्याचा दुसऱ्या दिवशी कामावर आला, तिसऱ्या दिवशी आला. मी दोनदा विचारलं, डोळ्याला काही होतंय का? न्हाई अक्का. मला वाटलं, सुटलो.

आठवड्यानं खडे निवडणाऱ्या बायका माझ्याकडं आल्या. वाया गेलेले खडे डबीत भरून आणले होते.

“हे कुणाचे?” मी विचारलं.

“निर्ण्याच्याचे.”

“एवढे?”

“भोक मध्यावर पडतच न्हाई बघा आता. अन् ते काम करताना बघा की अक्का, कोंबडी दाणे टिपताना बघती तशी मान वाकडी करून बघायलेत.”

मी मशीन बंद करायला लावलं आणि त्याला माझ्या टेबलाशी बोलावलं. कोऱ्या कागदावर पेनानं एक ठिपका काढला. डावा डोळा झाकून बघ म्हटलं. दिसतोय का?

“कागद दिसायलाय.”

“ठिपका?”

तो बराच वेळ बघत राहिला. “कडंचं समदं दिसायलंय अक्का. मी जिथं बघतो तेवढंच न्हाई.”

“कधीपासनं?”

“साहेब आलते तवापासनं.”

“आणि मला न्हाई म्हणून सांगितलंस?”

“मशीनवरनं काढलं असतंत.”

“चष्मा खिशात का होता?”

हे विचारायला नको होतं. उत्तर मला ठाऊक होतं. पण तो पहिल्यांदाच दोन वाक्यं सलग बोलला. “अप्पा म्हणाले, चालू ठेव. चष्मा लावून त्यांच्याम्होरं बसू कसा? माझा बाप त्यांच्याम्होरं कधी बसला न्हाई, अक्का. मी बसलो, हेच लई झालं.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं मी त्याला सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं. मला बाजूला घेऊन सांगणार होते, मी म्हटलं, त्याच्यासमोर सांगा, डोळा त्याचा आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध भाजल्याचा डाग होता. तो जाणार नाही, वाढणार नाही. कडेनं दिसेल. बारीक काम त्या डोळ्यानं होणार नाही.

“अन् दुसरा?” निर्ण्याच्यानं विचारलं.

“दुसरा चांगला आहे.”

“किती चांगला?”

डॉक्टर म्हणाले, “पूर्ण चांगला. सांभाळा म्हणजे झालं.”

परतीच्या बसमध्ये तो डावीकडं खिडकीशी बसला आणि वाटभर एकेक डोळा झाकून बाहेरचं बघत होता. आधी एक, मग दुसरा. बोलण्यासारखं होतं ते सगळं मी चार भाषांत भिंतीवर लावलेलं होतं.

अप्पांना मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यांना वाईट वाटलं, हे मी नाकारणार नाही. ते दोन दिवस गिरणीत गेले नाहीत. तारा त्यांनी स्वतः उभं राहून सोडवून घेतल्या, बटण परत चालू झालं. मग विचार करून करून त्यांना जे सुचलं, ते फक्त अप्पांनाच सुचू शकतं. त्यांनी ठरवलं, निर्ण्याच्याचा सत्कार करायचा.

कर्नाटक राज्योत्सवाचा, एक नोव्हेंबरचा दिवस धरला. झेंडा झाला, मग सगळ्यांना मशीनच्या खोलीत बोलावलं. खोली माणसांनी गच्च. बायका निवडाईच्या खोलीतून आल्या, गिरणीचे जुने मुनीम आले. मशीनला झेंडूची माळ. अप्पांनी निर्ण्याच्याला शाल पांघरली, नारळ दिला, फेटा बांधला आणि बोलायला उभे राहिले. मला वाटलं होतं, आज तरी चष्म्याचं नाव काढतील. काढलं.

“या माणसाकडं बघा,” अप्पा म्हणाले. “डोळा गेला, पण माझ्यासमोर चष्मा लावून बसला न्हाई. एवढी मर्यादा! आजच्या काळात कुठं बघायला मिळते? बापाचं नाव राखलं यानं.”

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. मुनीमांनी डोळे पुसले. बाकीच्या दोन्ही ऑपरेटरांची छाती फुगलेली मला दिसली, आणि वर्षभर शिकवलेलं सगळं माझ्यासमोर पुसून चाललेलंही दिसलं. मला उठून बोलायचं होतं. पण सत्काराच्या भाषणात मध्येच बोलायचं, तेही अप्पा बोलत असताना, हे आमच्याकडं चष्मा न काढण्यापेक्षाही वाईट. मी उठले नाही. हेही मी नाकारणार नाही.

“चल,” अप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आता सगळ्यांना एकदा ठिणगी दाखव. बाई, दार लावून घ्या, म्हणजे तुमचं बटण खूश.”

दार लावलं तर मशीन सुरू होणार होतं. पन्नासेक माणसं आत, एकाच्याही डोळ्यावर काही नाही. मी उघडं दार घट्ट धरून उभी राहिले. सोडणार नव्हतेच. पण माझी गरज पडली नाही.

निर्ण्याच्यानं नारळ बाजूला ठेवला. शाल काढून घडी केली. फेटा कानावरून जरा वर सरकवला, खिशातून हिरवा चष्मा काढला आणि अप्पांच्या तोंडासमोर, सगळ्यांच्या देखत, डोळ्यांवर चढवला. दोन्ही बाजू नीट दाबून बघितल्या. मग खुर्चीवर बसला.

मुनीम पुटपुटले, “अरे, चष्मा... अप्पा उभे हायेत.”

“दुसरा राखायचाय,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, मानही वर केली नाही. “अप्पा, तुम्ही समदे भाईर व्हा. मग चालू करतो.”

कुणी हललं नाही. अप्पांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी त्यांच्या मागं होते. मला फक्त त्यांचे खांदे दिसत होते.

“मला सांगतोस?” शेवटी अप्पा म्हणाले.

“व्हय अप्पा. चष्मे पाचच हायेत.”

आणि अप्पा बाहेर गेले. ते गेल्यावर बाकीच्यांना आत थांबायचं काही कारण उरलं नाही. बायका हसत, पदर तोंडाला लावून गेल्या. सगळ्यांत शेवटी मुनीम. मी दार ओढून घेतलं आणि आतून टक् आवाज आला.

बाहेर अप्पांनी मला गाठलं. चेहरा लाल झाला होता. “हे तुम्ही शिकवलंत त्याला, बाई?”

“वर्षभर शिकवत होते,” मी म्हटलं. “माझ्याकडून शिकला असता तर आज त्याला दोन्ही डोळे असते.”

अप्पा पंधरा दिवस त्या खोलीकडं फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, खिडकीशी थांबले, हिरव्या काचेतून आत बघितलं आणि गेले. पुढं तसंच येत राहिले. निर्ण्याचा उठायचा नाही, चष्मा काढायचा नाही. डाव्या डोळ्यावर त्यानं पुन्हा हात बसवला. दहातला एखादा खडा वाया जायचा, पूर्वी जायचे त्याहून थोडे जास्त. ते कंपनीला चालत होतं. अप्पा त्याच्याशी मात्र पूर्वीसारखे कधी बोलले नाहीत. ‘मर्यादा सोडली,’ एवढंच म्हणायचे.

बाकीच्या दोघांपैकी शनीवाल्यानं त्याचं बघून चष्मा ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्याला मात्र ते कधीच जमलं नाही. खिडकीत अप्पांची टोपी दिसली तरी त्याचा हात वर जायचा, दार बंद, मशीन चालू, काही विचार नाही. त्याला मी महिनाभर समजावलं. मग त्याला उचलून खडे पॅक करायच्या खोलीत बसवला. तिथं अप्पा रोज यायचे, आणि तिथं नुसती खोकी होती.